कौतुकानंतरचे कर्तव्य
(प्रज्ञावान विद्यार्थ्यांचे शिक्षण व मनःस्वास्थ्य या विषयावरील व्याख्यानाचा मजकूर)



उत्सवाच्या निमित्ताने होणारा विद्यार्थ्यांचा गुणगौरव हा महाजन कुटुंबांच्या निर्भेळ आनंदाचा प्रसंग असतो. परीक्षेत उत्तम गुण मिळविलेल्या मुलामुलींची नावे पुकारली जातात, त्यांच्या हाती श्रीफळ व पारितोषिक दिले जाते, आजी-आजोबांचे डोळे भरून येतात आणि छायाचित्र निघते. हा प्रघात स्तुत्य आहे. विद्येचा सन्मान देवाच्या साक्षीने व्हावा, ही त्यामागील भावना थोर आहे. तथापि या आनंदाच्या प्रसंगी दोन प्रश्न सहसा विचारले जात नाहीत. नाव पुकारले गेल्यापासून पुढील वर्षीच्या उत्सवापर्यंत त्या मुलाच्या बुद्धीची भूक कोण भागवितो, हा पहिला प्रश्न. आणि त्याच सभागृहात मागच्या रांगेत बसलेले, ज्याचे नाव यादीत आलेच नाही, असे एखादे मूल खरोखरीच असामान्य असेल तर ते कोण ओळखणार, हा दुसरा.

बुद्धिमान मुलाला मदतीची गरज ती काय, अशी एक सर्वसाधारण समजूत आहे. जे मूल मागे पडते त्याला हात द्यावा. जे पुढे आहे ते आपली वाट आपणच काढील, असे मानले जाते. दिसावयास ही समजूत न्याय्य दिसते. परंतु हुबळी-धारवाडच्या मातीत वाढलेल्या थोर मंडळींची बालपणे पाहिली तर तिचा फोलपणा ध्यानी येतो. या परिसराचा इतिहास म्हणजे एका अर्थी असामान्य मुलांचा आणि त्यांना वेळीच भेटलेल्या माणसांचा इतिहास आहे.

पंडित भीमसेन जोशी यांचा जन्म १९२२ साली, तत्कालीन धारवाड जिल्ह्यात झाला. वडील गुरुराज जोशी हे शिक्षक. हे मूल लहानपणी कोठे भजनाचे वा वाजंत्रीचे सूर ऐकू आले की त्यांच्या मागोमाग चालू लागे आणि थकले की वाटेतच कोठेतरी झोपून जाई. रोज शोधाशोध करून थकलेल्या वडिलांनी अखेर मुलाच्या सदऱ्यावर ‘जोशी मास्तरांचा मुलगा’ अशी अक्षरे लिहून ठेवली, म्हणजे ज्याला सापडेल तो घरी आणून पोचवील, अशी हकीकत सांगितली जाते. ही हकीकत ऐकून हसू येते. पण तिचा अर्थ गंभीर आहे. मुलाच्या आत काहीतरी असे आहे की जे त्याला घरात बसू देत नाही, हे त्या पित्याने ओळखले होते. त्यांनी त्या ओढीला कुलूप घातले नाही. मूल हरवू नये एवढीच तजवीज केली.

ती तजवीजही पुढे अपुरी पडली. १९३३ साली, अकरा वर्षांचे असताना, भीमसेन गुरूच्या शोधात घर सोडून निघाले. खिशात पैसा नसताना आगगाडीने विजापूर, पुणे, ग्वाल्हेर, कलकत्ता अशी भ्रमंती करीत ते जालंदरपर्यंत पोचले. तेथे विनायकबुवा पटवर्धन यांनी त्यांना सांगितले की, इतक्या दूर भटकण्याचे कारण नाही. तुझ्याच मुलखात सवाई गंधर्व आहेत, त्यांच्याकडे जा. मुलाचे घरी परतणे झाले आणि १९३६ च्या सुमारास कुंदगोळ येथे सवाई गंधर्वांकडे शिक्षण सुरू झाले. पुढचा इतिहास सर्वांस ज्ञात आहे. २००८ साली त्यांस ‘भारतरत्न’ जाहीर झाले. परंतु आईवडिलांनी विचार करावा तो मधल्या तीन वर्षांचा. जो गुरू हवा होता तो घरापासून काही कोसांवर होता आणि अकरा वर्षांचे मूल त्याच्यासाठी निम्मा हिंदुस्थान पालथा घालीत होते. प्रज्ञेला योग्य ठिकाणी नेऊन पोचविणारे कोणी नसेल तर ती अशीच भटकते. प्रत्येक भटक्याला जालंदरास पटवर्धनबुवा भेटतातच असे नाही.

दुसरे उदाहरण श्रीमती गंगूबाई हनगल यांचे. जन्म धारवाडचा, १९१३ सालचा. आई अंबाबाई कर्नाटक संगीतातील जाणत्या गायिका होत्या. मुलीचा ओढा हिंदुस्थानी संगीताकडे आहे हे पाहून त्यांनी आपली पद्धती तिच्यावर लादली नाही. उलट १९२८ साली मुलीच्या शिक्षणासाठी हे कुटुंब धारवाड सोडून हुबळीस आले आणि दोन पद्धतींचे संस्कार एकमेकांत मिसळू नयेत म्हणून अंबाबाईंनी स्वतःचे गाणे बंद केले, असे सांगितले जाते. आपल्या विद्येचा वारसा मुलीने चालवावा ही इच्छा कोणत्या आईला नसते? ती इच्छा बाजूस ठेवण्याइतके मन त्या माउलीपाशी होते. १९३२ साली त्या निवर्तल्या. मुलीची पुढची कीर्ती पाहण्याचे भाग्य त्यांस लाभले नाही. पुढे गंगूबाई हुबळीहून रेल्वेने कुंदगोळास जाऊन सवाई गंधर्वांपाशी शिकू लागल्या. गुरूंनी त्यांना रागांची रास दिली नाही. मोजके राग आणि एकेक स्वरवाक्य पुरते घोटून घेण्याची शिस्त दिली. शिकणे संपले की परतीच्या गाडीसाठी त्यांस स्थानकापर्यंत सोबत करणारा गुरुबंधू म्हणजे तरुण भीमसेन.

गंगूबाईंच्या बालपणातील एक प्रसंग मात्र कौतुकाच्या पलीकडे नेणारा आहे. १९२४ साली बेळगावास महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचे अधिवेशन भरले, तेव्हा अकरा वर्षांच्या या मुलीने तेथे स्वागतगीत गायिले. ऐकणाऱ्यांनी वाहवा केली. परंतु त्या दिवशी तिच्या मनात काय होते? आपल्या जातीमुळे आपल्याला जेवावयास वेगळे बसवितील की काय, याची तिला धास्ती वाटत होती, असे त्यांनी उत्तरायुष्यात सांगितले. मंडपातील थोरामोठ्यांनी आवाज ऐकला. भीती कोणाला ऐकू आली नाही. व्यासपीठावर उभ्या असलेल्या प्रत्येक गुणी मुलाकडे पाहताना या प्रसंगाची आठवण ठेवावी. टाळ्या वाजविणाऱ्यांना जे दिसते आणि त्या मुलाच्या मनात जे चाललेले असते, यांत फार अंतर असू शकते.

तिसरे उदाहरण कुमार गंधर्वांचे. बेळगावजवळील सुळेभावी गावी १९२४ साली जन्मलेले शिवपुत्र कोमकळीमठ हे बालक ध्वनिमुद्रिका ऐकून मोठमोठ्या गवयांचे गाणे जसेच्या तसे म्हणून दाखवी. लोक थक्क होत. ‘कुमार गंधर्व’ ही पदवी त्यांस कोवळ्या वयातच मिळाली आणि गावोगाव जलसे होऊ लागले. असे मूल जन्मभर चमत्कार म्हणून मिरविले जाण्याचा धोका फार मोठा असतो. कारण चमत्काराला पैसा मिळतो, प्रसिद्धी मिळते आणि शिकण्याची निकड कोणालाच वाटत नाही. १९३६ च्या सुमारास मुंबईस प्रोफेसर बी. आर. देवधर यांच्याकडे त्यांचे रीतसर शिक्षण सुरू झाले. देवधरांनी त्यांना अनेक घराण्यांचे गाणे ऐकविले, विचार करावयास शिकविले. दुसऱ्याचे गाणे हुबेहूब म्हणणारा मुलगा पुढे स्वतःचे गाणे शोधणारा गायक झाला, त्याचे श्रेय या शिक्षणाकडे जाते. मूल जे सहज करू शकते त्यावर टाळ्या मिळतात. शिक्षकाचे काम त्याला जे अद्याप करता येत नाही तेथपर्यंत नेण्याचे आहे.

संगीताबाहेरचे एक उदाहरण तर मराठी कुटुंबांच्या अगदी जवळचे आहे. दत्तात्रेय रामचंद्र बेंद्रे यांचा जन्म धारवाडास १८९६ साली एका मराठी बोलणाऱ्या घरात झाला. वडिलांचे छत्र बालपणीच हरपले. घरच्या स्त्रियांनी खाणावळ चालवून संसार केला आणि चुलत्यांनी शिक्षणाचा भार उचलला. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयातून पदवी घेऊन ते धारवाडास परतले व शिक्षक झाले. घरची भाषा मराठी असूनही त्यांची प्रतिभा कन्नडात फुलली, आणि १९७३ च्या ज्ञानपीठ पुरस्काराचे ते मानकरी ठरले. कवितेवर त्यांनी सही केली ती ‘अंबिकातनयदत्त’ या नावाने. आपण कोणाच्या आधारावर उभे आहोत याचे ते स्मरणच होते.

या चारही उदाहरणांत बुद्धी वा प्रतिभा जन्मजात असेल; पण तिला आकार आला तो आईमुळे, पित्यामुळे, चुलत्यामुळे, गुरूमुळे. किंबहुना त्या व्यक्ती नसत्या तर काय झाले असते, हे सांगणारी चरित्रे कधी लिहिली जात नाहीत. कारण अशा मुलांची नावेच मागे राहत नाहीत.

आता शास्त्र काय म्हणते ते पाहू. अमेरिकेत १९२१ साली लुई टर्मन यांनी बुद्धिमापन कसोट्यांच्या साह्याने सुमारे दीड हजार बुद्धिमान मुले निवडून त्यांचा दीर्घकाल मागोवा घेतला. हुशार मूल म्हणजे किडकिडे, चक्रम आणि अल्पायुषी, ही जुनी समजूत त्या अभ्यासाने खोटी पाडली. मात्र त्याच निवडीत कसोटीस न उतरल्याने वगळलेली दोन मुले, विल्यम शॉक्ली आणि लुई अल्वारेझ, पुढे अनुक्रमे १९५६ व १९६८ साली भौतिकशास्त्राच्या नोबेल पारितोषिकाचे मानकरी झाले. चाळणी कितीही बारीक असो, तिच्यातून रत्न निसटू शकते. आपल्याकडे श्रीनिवास रामानुजन यांनी गणितात मन बुडविल्यामुळे इतर विषयांत अपयश घेतले आणि महाविद्यालयाची शिष्यवृत्ती गमावली, हे सर्वश्रुत आहे. हुबळी-धारवाडच्या महाजन घरांत तर आणखी एक अडचण आहे. मूल घरी कोकणी किंवा मराठी बोलते, रस्त्यावर कन्नड आणि शाळेत इंग्रजी. अनेक भाषांतून वाट काढणाऱ्या मुलाची समज कोणत्याही एका भाषेतील गुणपत्रिकेत पुरती उतरेलच असे नाही.

न्यूयॉर्क येथील मानसशास्त्रज्ञ लेटा हॉलिंगवर्थ यांनी १९२० नंतरच्या दोन दशकांत अशा मुलांच्या मनाचा विशेष अभ्यास केला. त्यांचे निरीक्षण असे की, पुष्कळ पुढे असलेल्या मुलाचा सर्वसाधारण वर्गातील निम्मा वेळ वाया जातो आणि अतिशय असामान्य मुलाचा तर जवळजवळ सगळाच. हा रिकामा वेळ निरुपद्रवी नसतो. ज्याला विचार न करताच उत्तर येते त्याला कष्ट करण्याची सवय लागत नाही. मग पुढे पदवीपूर्व वर्गात पहिले खरोखर कठीण गणित समोर आले की ते मूल हादरून जाते. आपण हुशार नव्हतोच, असे त्याला वाटू लागते. दुसरे निरीक्षण भावनेविषयीचे आहे. अशा मुलाची बुद्धी मोठ्या माणसाची आणि मन मात्र त्याच्या वयाचे असते. आठ वर्षांचे मूल मृत्यूविषयी, अन्यायाविषयी, विश्वाच्या विस्ताराविषयी प्रश्न विचारते. पण रात्री अंधाराला घाबरून आईलाच बिलगते. जे मूल एवढे शहाण्यासारखे बोलते त्याने रडू नये, हट्ट करू नये, अशी अपेक्षा घरचे करू लागतात. समवयस्कांना त्याचे बोलणे कळत नाही आणि मोठी माणसे त्याला आपल्यात घेत नाहीत. या एकटेपणावर उपाय म्हणून काही मुले, विशेषतः मुली, आपली हुशारी लपवावयास शिकतात.

कौतुकाविषयीही शास्त्राने सावधगिरीची सूचना दिली आहे. क्लॉडिया म्यूलर व कॅरोल ड्वेक यांनी १९९८ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत पाचवीच्या वयाच्या मुलांपैकी काहींना ‘तू हुशार आहेस’ अशी शाबासकी दिली आणि काहींना ‘तू मेहनत घेतलीस’ अशी. पहिल्या गटातील मुलांचा कल सोपे, अपयशाची भीती नसलेले काम निवडण्याकडे दिसला आणि एकदा अपयश आल्यावर त्यांची कामगिरी खालावली. दुसऱ्या गटातील मुले अवघड कामाला सामोरी गेली. एका प्रयोगावरून सर्व जग ठरवू नये, हे खरे. पण घरोघरच्या अनुभवाशी हे ताडून पाहण्याजोगे आहे. ‘आमचा मुलगा कधी दुसरा येत नाही’ हे वाक्य पाहुण्यांपुढे अभिमानाने उच्चारले जाते. ते ऐकणारा मुलगा मात्र त्यातून एवढेच शिकतो की दुसरे येणे त्याला परवडणारे नाही.

या भीतीचे टोक किती भयंकर असू शकते, हे राजस्थानातील कोटा शहराने देशास दाखविले आहे. प्रवेशपरीक्षांच्या तयारीसाठी ठिकठिकाणांहून हुशार मुले तेथे जातात. विद्यार्थ्यांनी जीवन संपविल्याच्या घटना लागोपाठ घडल्यावर २०२३ साली तेथील जिल्हा प्रशासनाने वसतिगृहांतील छताच्या पंख्यांना स्प्रिंग बसविण्याचा आदेश काढला. आपापल्या गावी ज्यांचे गुणगौरव झाले होते अशीच ही मुले. पंख्याला स्प्रिंग बसविता येते. परंतु ‘आई, मला हे जमत नाही’ असे म्हणण्याची मोकळीक ज्या मुलाला घरात नाही, त्याच्यासाठी कोणते यंत्र उपयोगी पडणार?

यास्तव करावयाचे काय? महाराष्ट्रात या दिशेने झालेला एक प्रयत्न आदराने पाहण्याजोगा आहे. १९६२ साली पुण्यास डॉ. विनायक विश्वनाथ उपाख्य अप्पा पेंडसे यांनी ज्ञान प्रबोधिनीची स्थापना केली. १९६९ साली तिची प्रशाला सुरू झाली. बुद्धिमान मुलांना त्यांच्या वेगाने शिकू द्यावे, परंतु ती बुद्धी समाजासाठी आहे याची जाणीवही सोबत द्यावी, ही त्यामागील दृष्टी होती. शासनानेही काही केले. राष्ट्रीय प्रज्ञा शोध परीक्षा १९६३ पासून अनेक दशके चालली. २०२१ नंतर ती थांबविण्यात आली. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात विशेष कल असलेल्या मुलांचा स्वतंत्र उल्लेख असून, त्यांच्यासाठी शाळांतून गणित, विज्ञान, संगीत, बुद्धिबळ अशी विषयनिहाय मंडळे असावीत असे सुचविले आहे. धोरण कागदावर उत्तम आहे. ते घराजवळ कोण आणणार, एवढाच प्रश्न उरतो.

येथे महाजन मंडळासारख्या संस्थेला करण्याजोगे पुष्कळ आहे आणि त्यास मोठा निधी लागत नाही. शाळेला जे सहज जमत नाही ते एका समाजाला जमते. कारण त्याच्यापाशी निरनिराळ्या पिढ्यांची आणि व्यवसायांची माणसे एकत्र असतात. निवृत्त प्राध्यापक, अभियंते, वैद्य, बँकेतील अधिकारी, गायक-वादक, सुगरणी, हिशेबात निष्णात व्यापारी असे सर्व या कुटुंबांत आहेत. ज्या मुलाला ताऱ्यांचे वेड आहे त्याची गाठ त्या विषयाच्या जाणकाराशी महिन्यातून एकदा घालून देणे, हे पारितोषिकाच्या पाकिटाहून मोलाचे दान आहे. देवस्थानच्या सभागृहात आठवड्यातून एक संध्याकाळ निरनिराळ्या वयांची पण सारख्या आवडीची मुले एकत्र बसली, तर ‘माझ्यासारखे दुसरेही कोणी आहे’ हा दिलासा त्यांस मिळेल. अशा बैठकीत गुण विचारू नयेत आणि क्रमांक लावू नयेत.

शिकविण्याच्या बाबतीत एकच सूत्र ध्यानी ठेवावे. जे मूल दहा उदाहरणे चटकन सोडविते त्याला त्याच जातीची आणखी वीस देणे ही शिक्षा होय. त्याला वेगळे, खोल असे काही द्यावे. देवळालीचे शाळाशिक्षक दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांनी दाखविलेली एक गंमत येथे आठवते. चार अंकी कोणतीही संख्या घ्या, मात्र चारही अंक एकच नसावेत. तिचे अंक उतरत्या क्रमाने मांडून त्यातून चढत्या क्रमाची संख्या वजा करा आणि उत्तरावर हीच क्रिया पुनःपुन्हा करा. ३५२४ घेतली तर प्रथम ५४३२ वजा २३४५ म्हणजे ३०८७ येते, मग ८३५२ आणि मग ६१७४. कोठूनही आरंभ करा, सात पायऱ्यांच्या आत ६१७४ येऊन ठेपते आणि तेथेच थांबते. असे का होते, हा प्रश्न मुलाला द्यावा आणि उत्तराची घाई करू नये. एक आठवडाभर न सुटणाऱ्या प्रश्नासोबत आनंदाने राहता येणे, हे हुशार मुलाला जितक्या लवकर साधेल तितके बरे.

आईवडिलांसाठी तर आणखी थोडेच सांगावयाचे आहे. मुलाच्या गुणाविषयी बोलण्याइतकेच त्याच्या दिवसाविषयी बोलावे. आज काय नवे कळले, काय कठीण गेले, कोणाशी खेळलास, असे विचारावे. त्याच्या देखत भावंडांशी तुलना करू नये. त्याने दोघांचेही नुकसान होते. त्याला हरण्याची संधी द्यावी आणि हरून घरी आल्यावर नेहमीसारखेच जेवावयास वाढावे. मुलगी असेल तर तिची झेप घराच्या सोयीने मापू नये. अंबाबाईंनी मुलीसाठी घर उचलून हुबळीस आणले ते जवळजवळ शंभर वर्षांपूर्वी. आणि मूल गप्प गप्प राहू लागले, खाणेपिणे वा झोप बिघडली, आवडते काम सोडून बसले, तर ‘अभ्यासाचा ताण असेल’ म्हणून सोडून न देता तज्ज्ञ वैद्याचा सल्ला घ्यावा. त्यात कमीपणा मुळीच नाही.

पुढील उत्सवात गुणगौरव अवश्य व्हावा. नावे पुकारली जावीत, टाळ्याही वाजाव्यात. मात्र प्रत्येक नावासमोर आणखी एक नाव लिहिले जावे: वर्षभर त्या मुलाची विचारपूस करणाऱ्या, त्याला पुस्तक देणाऱ्या, त्याच्याबरोबर बसणाऱ्या एका वडीलधाऱ्या माणसाचे. जोशी मास्तरांनी मुलाच्या सदऱ्यावर आपले नाव लिहिले ते मूल कोठेही गेले तरी त्याला घर आहे, हे वाटेतल्या लोकांस कळावे म्हणून. समाजातील प्रत्येक गुणी मुलाच्या सदऱ्यावर अशी दोन अदृश्य अक्षरे असावीत, आणि ती वाचून त्याला घरी पोचविणारी माणसेही वाटेवर असावीत, एवढीच श्रीचरणी प्रार्थना.